सनावळी विरुद्ध का-बरं

चष्म्याच्या त्या दुकानात शिरलं की आधी दिसायचा नवरा, आणि मग काचेच्या अर्ध्या भिंतीआड यंत्रावर वाकलेली बायको. गिऱ्हाइकाशी बोलायचं, फ्रेमा काढून दाखवायच्या, "ही तुम्हाला अगदी शोभून दिसतेय" असं येईल त्याला न हसता सांगायचं, हे त्याचं काम. काच फ्रेमच्या मापाला घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, तिचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर बरोब्बर आणून बसवायचा, हे तिचं. नवरा म्हणायचा, "मी दुकानाचं तोंड आणि ही दुकानाचं डोकं." त्यावर ती म्हणायची, "तोंड फार चालतं, एवढं मात्र खरं."

आकडा तिच्या डोक्यात एकदा शिरला की तिथेच बिऱ्हाड करून राहायचा. माणसांची नावं ती विसरे, नंबर कधीच नाही. बाजारात कुणी हात हलवला की नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणायची, "उजवा उणे सव्वातीन, डावा उणे अडीच. नाव काय हो यांचं?" नवऱ्याला नाव आठवायचं, आणि दोघांचं मिळून एक धड माणूस उभं राहायचं.

शाळेतल्या सोबत्यांना याचं काही नवल नव्हतं. त्यांच्या लेखी ती चष्मेवाली नव्हतीच. ती होती सनावळी.

हे नाव पडलं इतिहासाच्या तासाला. डब्याच्या सुट्टीनंतरचा तो तास. पोटं भरलेली, पापण्या जड, खिडकीतून ऊन थेट मानेवर. अशा वेळी चांगल्या चांगल्या मास्तरांची डाळ शिजत नाही. पण त्यांचे सर वेगळे होते. काटकुळे, उंच, आणि आवाज इतका हळू की वर्गात गोंगाट झाला तर ते आणखी हळू बोलायचे. मग नाइलाजाने सगळ्यांना गप्प बसावं लागायचं. तासाच्या सुरुवातीला फळ्यावर मधोमध एक रेघ ओढायचे. डावीकडे लिहायचे 'केव्हा', उजवीकडे 'का'.

डावी बाजू या मुलीची जहागीर होती. सरांचा प्रश्न पुरता व्हायच्या आत साल सांगून मोकळी. उजव्या बाजूला मात्र मागच्या बाकावरचा एक मुलगा ठाण मांडून बसलेला. सर काहीही सांगोत, याचा हात वर. "पण का बरं, सर?" राजा पळाला, का बरं? तह मोडला, का बरं? एकदा सर म्हणाले, "आज लवकर सोडतो," तर हा उभाच. वर्गाने त्याला त्या दिवशी जवळजवळ चोपलाच होता. त्याचं नाव का-बरं पडलं ते कायमचं.

दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. "कारणं काय, कुणीही रचून सांगेल," ती म्हणायची. "साल चुकलं तर चुकलं, तिथे थापा चालत नाहीत."

"सालं पोपटही सांगेल," तो म्हणायचा.

एकदा सरांनी कॉन्स्टॅन्टिनोपल कधी पडलं ते विचारलं. "चौदाशे त्रेपन्न," ती म्हणाली. मागून आवाज आला, "पण पडलं का बरं?" तिने मान वळवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. "तू ढकललंस म्हणून." वर्ग खो खो हसला, आणि सरही हसले. सरांचे दात त्या दिवशी वर्गाने पहिल्यांदा पाहिले.

पुढे सगळ्यांच्या वाटा फुटल्या. ती वडिलांच्या ओळखीने एका चष्मेवाल्याकडे काम शिकायला लागली आणि त्याच्याच पुतण्याशी लग्न करून बसली. का-बरं अग्निशमन दलात गेला. आधी पाण्याचा पाइप धरायचा, नंतर बढती मिळत मिळत त्या जागेवर गेला जिथे आग विझल्यावर जायचं असतं. राखेत बसून शोधायचं, आग लागली कशी. सनावळी म्हणायची, "शेवटी सरकारने त्याला 'का बरं' विचारायचाच पगार दिला."

वर्गातली दहाबारा जणं मात्र वर्षातून एकदा जमायची. जागा ठरलेली, वर्गातल्याच एका सुताराचा कारखाना. त्या दिवशी यंत्रं बंद असायची, भुसा झाडून कोपऱ्यात लोटलेला असायचा, आणि बसायला अर्धवट खुर्च्या. कुणाच्या खुर्चीला पॉलिश नाही, कुणाच्या खुर्चीला एक हात नाही. हातांची धड खुर्ची फक्त सरांना. सर आता ऐंशीच्या पुढे गेले होते, काठी टेकत यायचे, पण प्रश्न मात्र स्वतः काढून आणायचे. एकीकडे सनवाले, दुसरीकडे कारणवाले, आणि जिंकेल त्या पक्षाच्या म्होरक्याच्या घरी वर्षभरासाठी जायचा शाळेचा जुना ग्लोब. शाळेने तो भंगारात काढला होता. सुताराने त्याला नवा लाकडी पाय बसवून दिला होता. त्यावरचे काही देश एव्हाना जगातून नाहीसे झाले होते, पण त्या ग्लोबसाठी ही पिकल्या केसांची माणसं अशी हमरीतुमरीवर येत की बायकामुलांनी तोंडाला पदर लावावा.

या वर्षी मात्र सनावळीच्या मनात जायचं नव्हतं.

काही महिन्यांपासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. सुरुवात क्षुल्लक गोष्टींनी झाली. हातात पकड घेऊन उभी राहायची आणि ती कशाला घेतली तेच आठवायचं नाही. वाक्य अर्ध्यावर यायचं आणि पुढचा शब्द पायरी निसटावी तसा निसटायचा. दुपारी यंत्रापुढे बसल्या बसल्या डोळा लागायचा. मग एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी शिवणाचं दुकान असलेली शिंपीणबाई आली आणि नवा चष्मा काउंटरवर ठेवून म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण हा घातला की सुईचं भोक सोडा, सुईच दिसत नाही. माझेच डोळे गेले की काय?"

तिने चष्मा तपासला. उजवी काच डावीकडे बसवली होती, डावी उजवीकडे. कालपरवा कामाला लागलेल्या शिकाऊ मुलीनेही केली नसती अशी चूक. "डोळे ठणठणीत आहेत तुमचे," ती म्हणाली. "माझाच हात चुकला." काचा बदलून झाल्यावर तिने त्या दोनदा तपासल्या.

तिला भीती कसली होती ते तिने कुणाला सांगितलं नाही. तिची आई शेवटची काही वर्षं सगळं विसरली होती. आधी किल्ल्या, मग घराचा रस्ता, मग माणसं. एकदा आईचे केस विंचरत असताना आईने आरशातून तिच्याकडे पाहून मायेने विचारलं होतं, "तू कुणाची गं?" ते वाक्य तिच्या छातीत बाभळीच्या काट्यासारखं रुतून बसलं होतं. आता तो काटा हलायला लागला. रात्र झाली की अंथरुणात पडून ती सालं घोकायची. एखादं साल अडलं की उठून बसायची. घशाचंही काही खरं नव्हतं. आवाज बसल्यासारखा झाला होता. भर उन्हाळ्यात खांद्यावर शाल घेऊन बसायची. नवरा म्हणाला, "तुझा बाराही महिने हिवाळा!" ती हसली नाही.

जमायचा दिवस आला. न जावं तर शंभर प्रश्न, म्हणून ती गेली.

सुरुवातीचे प्रश्न बरे गेले. मग सरांनी नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "वॉटर्लूची लढाई कोणत्या साली झाली?"

सनवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. हा काय प्रश्न झाला? शाळेत तिने हे साल बाकावर कोरलं होतं आणि त्यापायी छडीही खाल्ली होती. सगळे तिच्याकडे पाहू लागले. आणि तिच्या डोक्यात काहीच नव्हतं. आकड्याची जागा दिसत होती, आकडा नव्हता. भिंतीवरचं चित्र काढून न्यावं आणि मागे नुसता चौकोनी डाग राहावा, तसं.

"वेळ संपली," सर म्हणाले. "दुसरी बाजू?"

का-बरं खुर्चीत चुळबुळला. डोकं खाजवलं. "अं... सतराशे... नाही बुवा, सर. गेलं डोक्यातून."

गुण कुणालाच मिळाला नाही. पुढच्या प्रश्नाला तर त्याने कमालच केली. सरांनी त्याच्या आवडीचं, रोमचं साम्राज्य का ढासळलं हे विचारलं, ज्यावर हा माणूस चहा थंड होईपर्यंत बोलू शकतो. तो म्हणाला, "फार जुनं झालं होतं, म्हणून." सरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सनवाले एका गुणाने जिंकले, टाळ्या पडल्या, सुताराने ग्लोब आणून तिच्या मांडीवर ठेवला. तिला तो धोंड्यासारखा जड वाटला.

बाहेर पडल्यावर तिने का-बरंला रस्त्यातच गाठलं. "मुद्दाम हरलास तू."

"छे गं. वय झालं आता."

"खोटं बोलू नकोस! वॉटर्लूचं साल तुझ्या घरातलं मांजरसुद्धा सांगेल. माझी कीव करतोस? आजवर कधी एक गुण फुकट दिला नाहीस, आणि आज दान करत सुटलास? नको मला तुझी भीक." तिने ग्लोब त्याच्या छातीशी ढकलला.

का-बरंने ग्लोब तसाच छातीशी धरला. मग म्हणाला, "बरं. दिला मुद्दाम. चुकलंच माझं. पण आता तू सांग. अंगावर शाल कशाला? घसा कधीपासून बसलाय? तोंड सुजल्यासारखं का दिसतंय? आणि वॉटर्लू कुठे गेलं?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल, हे दोघं म्हातारपणी त्या ग्लोबच्या वाटणीवरून भांडताहेत. "आईचं झालं तेच मला होतंय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? दिसतंय ना."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही."

"नवऱ्याला बोललीस?"

तिने नकारार्थी मान हलवली.

का-बरंने ग्लोब काखेत मारला. "हे बघ. घर जळून गेलं की मी तिथे पोचायच्या आधीच शेजाऱ्यांकडे कारण तयार असायचं. वायर जळली असेल, नाहीतर सुनेने गॅस उघडा टाकला असेल. प्रत्येकजण छातीठोकपणे सांगायचा. आणि खाली बसून राख उकरली की निघायचं भलतंच. न बघता कारण सांगायचं नाही, इतकंच मी नोकरीभर शिकलो. तू आख्खी केस बंद करून बसलीस, आणि राखेला हातही लावला नाहीस."

"आणि तेच निघालं तर?"

"तर तेच निघेल. मग काय करायचं ते बघू. पण आधी बघू तर."

घरी येऊन तिने नवऱ्याला समोर बसवलं. काय सांगायचं ते वाटभर जुळवलं होतं, पण तोंडून एवढंच निघालं, "अहो, मला भीती वाटतेय."

नवरा उठला आणि तिच्याशेजारी येऊन बसला. "शिंपीणबाई आल्या त्या दिवसापासून तू घरी आलीस की मी मागे थांबतो ना, हिशेब राहिलाय म्हणून? हिशेब कसला डोंबलाचा. तू बसवलेला एकेक चष्मा पुन्हा तपासतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहत होतो. मलाही विचारायची हिंमत झाली नाही गं."

एकाच छपराखाली दोघांनी एकच भीती लपवून ठेवली होती, तीही एकमेकांपासून. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आजाराचं अजून काहीच कळलं नव्हतं, तरी त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या, पण बोलण्यात एकदम रोखठोक. त्यांनी तिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, मागे मागे आकडे मोजायला सांगितले. केस गळतात का? थंडी सोसत नाही? वजन वाढलंय? पोट साफ होतं? ती मनात म्हणाली, मी डोक्याचं विचारायला आले आणि ही बाई पोटाचं काय काढून बसली? मग बाईंनी तिच्या गळ्यावरून दोन्ही हातांची बोटं फिरवली, "गिळा," म्हणाल्या, आणि रक्त तपासायला पाठवलं.

निकाल घ्यायला गेली तेव्हा एका बाजूला नवरा होता, आणि बाहेरच्या बाकावर बोलावलं नसतानाही का-बरं येऊन बसला होता. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. इतक्या धाकधुकीतही तिच्या मनात आलं, उणे पावणेदोन, दोन्ही डोळे.

"थायरॉइड," बाई म्हणाल्या. "गळ्यातली ही ग्रंथी जवळजवळ झोपी गेलीय. थंडी, सूज, घसा, ग्लानी, विसरणं, सगळं तिचंच. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची. सावकाश उतार पडेल."

"म्हणजे आईचं ते..."

"आईचं तुम्हाला पुढे कधी होणारच नाही, असं मी लिहून देणार नाही. कुणीच देऊ शकत नाही. पण आज जे झालंय ते हे आहे, आणि याला औषध आहे."

नवऱ्याने "एक गोळी?" हे असं काही विचारलं, जणू कुणीतरी भावात घासाघीस न करताच माल देऊन टाकला. तिला हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि मग तिला थांबवताच येईना. बाहेर आल्यावर ती बाकावर मटकन बसली. का-बरंने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या. "काय?"

"थायरॉइड," नवरा म्हणाला.

का-बरंने डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. आजवर विझवलेल्या सगळ्या आगींचा धूर त्या श्वासातून बाहेर पडावा, तसा. मग लगेच मूळपदावर आला. "पण ग्रंथी झोपली का बरं?"

"जा, आत जाऊन विचार," ती म्हणाली. आणि तो खरोखरच उठला. नवऱ्याने त्याला दंडाला धरून चहाला नेला.

गोळीने जादू केली नाही. काही आठवडे तर कणभर फरक दिसेना, आणि तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली. मग हळूहळू शाल घडी करून कपाटात गेली. दुपारची झोप गेली. आवाज मोकळा झाला, तेव्हा नवरा म्हणाला, "आवाज बसलेला होता तेच बरं होतं." एके दिवशी काच घासता घासता, मनात काहीही नसताना, आकडा आपण होऊन आला. अठराशे पंधरा. तिने यंत्र थांबवलं आणि मोठ्याने म्हटलं, "अठराशे पंधरा!" काउंटरवरचं गिऱ्हाईक दचकलं. "फ्रेमची किंमत नाही ती," नवऱ्याने घाईघाईने खुलासा केला.

पुढच्या वेळी जमले तेव्हा तिने पहिल्याच झटक्यात उभं राहून सांगितलं, मागचा निकाल रद्द समजावा. ग्लोब तिने त्या दिवशीच परत केला होता, का-बरं ठेवून घ्यायला तयार नव्हता, म्हणून तो वर्षभर सुताराच्या फळीवर पडून होता. "तटस्थ राष्ट्रात," सुतार म्हणाला. सर म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. दोघंही एकदम वॉटर्लू विसरतील, इतकं वाईट मी शिकवलेलं नाही."

लढत अगदी अटीतटीची झाली. शेवटचा प्रश्न आला तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीत. सर म्हणाले, "पॅरिसच्या लोकांनी बास्तीयचा तुरुंग फोडला, तेव्हा आत कैदी किती होते?"

"सतराशे एकोणनव्वद, जुलैची चौदा तारीख, कैदी सात," ती एका दमात म्हणाली. सनवाले खुर्च्यांवरून उठलेच.

"बसा," सर म्हणाले. "प्रश्न अर्धाच झालाय. अवघ्या सात माणसांना सोडवायला एवढी मोठी गर्दी? का बरं?"

सात तिला माहीत होते. सातासाठी इतकी माणसं का, हे तिने जन्मात कधी विचारलं नव्हतं.

मागच्या खुर्चीतून तो शांतपणे म्हणाला, "कैद्यांसाठी नाही, सर. बंदुका हाती लागल्या होत्या, दारू नव्हती. दारूचा साठा त्या तुरुंगात होता. जिथे दारू, तिथे मी आधी बघणार ना?"

गेला ग्लोब. का-बरं तो डोक्यावर घेऊन कारखान्याला फेरी मारून आला, कारणवाल्यांनी रंधे ठोकून ताल धरला. आणि सनावळी हरून बसली होती ती इतकी निवांत की नवऱ्याने विचारलं, "बरी आहेस ना?"

"झकास आहे," ती म्हणाली. "अगदी खरीखुरी हरले."

संध्याकाळी सरांना घरी पोचवायला सनावळी आणि का-बरं निघाले, ती एका कोपराला धरून, तो दुसऱ्या. शाळेच्या कोपऱ्यावर आता मोबाइलचं दुकान होतं. तिथे पूर्वी वह्याशाईचं दुकान असायचं. ते कोणत्या वर्षी बंद पडलं हे तिने सांगितलं. मुलांनी शाईचे पेन वापरणं सोडलं म्हणून बंद पडलं, असं कारण त्याने दिलं. त्यावरून दोघांची सरांच्या डोक्यावरून जुंपली.

"दोघंही नापास," सर मधूनच म्हणाले. "ते बंद पडलंच नाही. मागच्या गल्लीत गेलंय. मी गेल्या आठवड्यात शाई आणली."

मग तिघंही मागच्या गल्लीकडे वळले. दुकान होतं तिथेच, आणि उघडंही होतं.